नव्या घट्ट होल्स्टरची नोंदवही: सप्टेंबर ते डिसेंबर २०२४

२८ सप्टेंबर २०२४, शनिवार

कोल्हापूरच्या कारागिराकडून होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हर कमरेला लावायचे म्यान, आज हातात आले. हत्यार कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ रिव्हॉल्व्हर आहे. तीन इंची नळी, सहा गोळ्यांचे सिलिंडर, रिकामे असताना वजन सुमारे ७०० ग्रॅम, आणि जुन्या वेब्ली पद्धतीप्रमाणे मधोमध मोडून उघडणारी रचना. परवाना अकरा वर्षांपासून माझ्या नावावर आहे. इतकी वर्षे वापरलेल्या नायलॉनच्या होल्स्टरची शिवण गेल्या पावसाळ्यात उसवली, तेव्हा ठरवले की आता चामड्याचेच करून घ्यायचे, आणि तेही चपलांसाठी जे कातडे कोल्हापुरात कमावतात त्याच कातड्याचे.

कातडे म्हशीचे आहे, जाडी व्हर्नियरवर ३.२ मिमी भरली. शिवण हाताची, मेण लावलेल्या दोऱ्याची, आणि टाक्यांमधले अंतर इतके सारखे की मोजून पाहण्याचा मोह आवरला नाही. काम उत्तम आहे, मात्र हत्यार आत जाताना दोन्ही हातांचा जोर लागतो आणि बाहेर काढताना तर होल्स्टर गुडघ्यांत धरावे लागते. मुठीला सुती दोरी बांधून सामान तोलण्याचा काटा अडकवला, तर ९.४ किलोंवर हत्यार सुटले. घोड्यावरून (हत्याराच्या मागच्या हातोडीवरून) जाणाऱ्या पट्ट्याचे प्रेस बटण ६ मिमी कमी पडते, त्यामुळे ते लागतच नाही.

सैन्यात ईएमई या दुरुस्ती-देखभालीच्या दलात आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा, म्हणून काढलेल्या वर्षांची एक सवय अजून सुटलेली नाही, ती म्हणजे प्रत्येक कामाची नोंद ठेवणे. पहिली नोंद सुरक्षिततेची. पुढच्या सर्व कामात रिव्हॉल्व्हर प्रत्येक वेळी मोडून, सहाही घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासून मगच हातात घ्यायचे, गोळ्या दुसऱ्या खोलीतल्या कपाटात कुलपात राहतील, आणि होल्स्टर पूर्ण बसेपर्यंत ते कमरेला लावायचे नाही.

२९ सप्टेंबर

घट्ट आहे म्हणजे कुठे घट्ट आहे, हे कळल्याशिवाय हात लावणे चुकीचे. बुटाने पायाला घट्टा पडतो तेव्हा आपण अख्खा बूट पाण्यात घालत नाही, करंगळीची जागा शोधतो.

यंत्रकामात दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते पाहण्यासाठी निळा रंग लावतात. इथे रंग चालणार नाही, म्हणून हत्याराला पातळ चिकटपट्टी गुंडाळली, तिच्यावर शिंप्याचा खडू घासला आणि एकदाच आत घालून बाहेर काढले. नंतर टॉर्चच्या उजेडात आत पाहिले. पांढऱ्या खुणा चार जागी उमटल्या. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचे पातळ उभे पाते, कातड्यात खोल रेघ ओढत होती. सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना बरीच जागा पांढरी झाली होती. ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कडीच्या, खालची कड बरोबर तिच्यासाठी दाबून घडवलेल्या खाचेत बसली होती. चौथी खूण अनपेक्षित होती. नळी उघडण्याचा खटका डाव्या बाजूला असतो, म्हणजे उजव्या कमरेवरच्या होल्स्टरमध्ये तो अंगाच्या बाजूला येतो, आणि होल्स्टरची अंगाकडची उंच कड थेट त्या खटक्यावर टेकत होती.

या चारांपैकी गार्डची पकड मला हवी आहे, कारण पट्टा उघडा असतानाही हत्यार गळून पडू नये हे काम तिचेच. सिलिंडरची पकड थोडी कमी करायची आहे. माशीची रेघ नकोच आहे. खटक्याचा प्रश्न घट्टपणाचा नसून मापाचा आहे, त्याचा वेगळा विचार करावा लागेल.

१ ऑक्टोबर

गावात सल्ल्यांना तोटा नाही. नवीन कोल्हापुरी चपलेला तेल पाजतात तसे यालाही खोबरेल तेल पाजा, असे तीन जणांनी सांगितले. चौथ्याने कोमट पाण्यात बुडवून, हत्यार आत घालून उन्हात ठेवायला सांगितले. कारागिराने मात्र देतानाच बजावले होते, "तेल लावलासा तर पुन्हा माझ्याकडं आणू नका."

ऐकीव गोष्टीवर विसंबण्यापेक्षा पडताळा घ्यावा, म्हणून त्याच्याकडून त्याच कातड्याच्या उरलेल्या चार पट्ट्या मागून आणल्या होत्या. प्रत्येकी १५ सेंमी लांब, २ सेंमी रुंद. पहिली तशीच ठेवली. दुसरीला दोन्ही बाजूंनी खोबरेल तेल लावले. तिसरी पाण्यात भिजवून सावलीत वाळत घातली. चौथी भिजवून चुलीच्या भानाशीवर, म्हणजे चांगल्या धगीच्या जागी ठेवली. चार दिवसांनी पाहू.

हे कातडे कसे तयार होते ते लक्षात घेतले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. चुन्यात घालून केस काढल्यावर जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवतात, ती टांगतात आणि तिच्यात बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरत राहतात. त्यातला तुरट अंश आठवडे न् आठवडे कातड्याच्या तंतूंमध्ये मुरतो. असे कातडे ओले असताना हव्या त्या आकारात दाबता येते आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवते, क्रोमने कमावलेले मऊ कातडे तसे करत नाही. होल्स्टरला हेच कातडे का लागते त्याचे उत्तर यात आहे, आणि नवे होल्स्टर एवढे हट्टी का असते त्याचेही.

२ ऑक्टोबर

पहिला उपाय सर्वांत निरुपद्रवी निवडला. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पूर्ण कोरडी करून तिच्यात हत्यार गुंडाळले आणि आत सरकवले. पिशवीचे प्लास्टिक मायक्रोमीटरवर ०.०६ मिमी भरले. दोन्ही बाजूंना दोन-दोन घड्या धरल्या तर एकूण पाव मिलिमीटरचा फुगवटा मिळतो, आणि प्लास्टिक गुळगुळीत असल्यामुळे हत्यार आत जायलाही सोपे जाते. पिशवीला सुरकुती पडून ती चापाच्या आसपास गोळा होऊ नये, एवढी काळजी घेतली. रात्रभर तसेच ठेवून होल्स्टरसकट कपाटात कुलूपबंद केले.

३ ऑक्टोबर

सकाळी ७.१ किलो. एका रात्रीत सव्वादोन किलोंहून अधिक फरक पडला. आजपासून नवरात्र असल्यामुळे घरात गडबड आहे, काम थांबवले. हत्यार बाहेर काढून पुसून ठेवले. चामड्यात हत्यार कायमचे ठेवायचे नाही, हा शस्त्रागारातला पहिला धडा. चामडे हवेतला ओलावा धरते आणि लोखंडाला चिकटून बसते. पितळी काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात महिनोन् महिने राहिली तर त्यांच्यावर हिरवा कळंक चढतो, तो मी स्वतः तासन् तास घासून काढलेला आहे.

५ ऑक्टोबर

पट्ट्यांचा निकाल. तेल पाजलेली पट्टी काळपट झाली आणि टेबलाच्या कडेवरून अर्धी बाहेर धरली की पिकल्या केळीच्या सालीसारखी लोंबते. कोरी पट्टी तशीच धरली तर जवळजवळ आडवी राहते. चपलेत ही लवचीकता हवी, कारण तिथे पाय आकार देतो. होल्स्टरला स्वतःचा आकार स्वतःच सांभाळायचा आहे. त्याचे तोंड मऊ पडून आत दुमडले, तर हत्यार परत घालताना कातड्याची घडी ट्रिगर गार्डमध्ये शिरून चाप दाबू शकते. मऊ होल्स्टर ही केवळ गैरसोय नसते, ते धोक्याचे असते.

पाण्यात भिजवून सावलीत वाळवलेली पट्टी थोडी कडक झाली, रंग जरा गडद, लांबी जवळपास तेवढीच. धगीवरची पट्टी मात्र १५ सेंमीवरून १३.१ सेंमीवर आली, वेडीवाकडी झाली आणि वाकवताच तडकली. सालीने कमावलेले ओले कातडे साधारण ७० ते ८५ अंशांच्या पुढे गेले की त्याचे तंतू आखडतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. पाणी आणि ऊन सुचवणाऱ्या सद्गृहस्थांना ही पट्टी नेऊन दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि चहा मागवला.

६ ते ८ ऑक्टोबर

रोज रात्री दुधाची पिशवी, रोज सकाळी मोजमाप. ६.३, ५.८, ५.६. उतार मंदावला आहे, म्हणजे पिशवीला जेवढे देता येत होते तेवढे तिने दिले.

९ ऑक्टोबर

आज माशीचा मार्ग केला. हत्यार बाहेर येताना माशीचे पाते कातड्याची मांसल, म्हणजे आतली, बाजू खरवडते आणि प्रत्येक वेळी चिमूटभर तंतू घेऊन येते. बांबूची एक कामटी तासून, टोक गोल करून काचेच्या तुकड्याने गुळगुळीत केली. होल्स्टरच्या वरच्या घडीच्या आत, जिथे खडूची रेघ उमटली होती बरोबर तिथे, साध्या पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा घासला आणि त्यावर कामटी दाबून शंभर-दीडशे वेळा खाली-वर फिरवली. तंतू खाली बसले, रेघेची चर झाली, चरीला चकाकी आली. मेण फक्त तेवढ्या रेघेतच लावले, सिलिंडरच्या जागी आणि गार्डच्या खाचेत ते जाऊ दिले नाही.

काटा ४.७ किलोंवर आला. विशेष म्हणजे हत्यार आता धक्क्याने न सुटता एकसारखे सरकत बाहेर येते. आकड्यापेक्षा हा बदल मला मोलाचा वाटला.

पट्ट्याचे बटण लावण्यासाठी रोज संध्याकाळी टीव्ही पाहताना पट्टा अंगठ्याने थोडा थोडा ताणतो आहे. सौभाग्यवतींच्या मते हा नाद जपमाळेपेक्षा वाईट नाही. ६ मिमीची कसर आता २ मिमीवर आली.

१२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजेत रिव्हॉल्व्हर मोडून, रिकामे करून पाटावर ठेवले, आणि होल्स्टरही नवीन म्हणून त्याच्याखालीच मांडले. हळद-कुंकू वाहताना पाण्याचे चार थेंब पडले असावेत. संध्याकाळी आवरताना पाहतो तो नळी जिथे टेकली होती तिथे कातड्यावर निळसर काळी रेघ. हिरड्या-बाभळीतला तुरट अंश आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की शाईच तयार होते. पूर्वी शाई याच मेळातून करत. लिंबाच्या रसाने डाग फिका करता येतो, पण आंबट रस शिवणीजवळ नको म्हणून तो राहू दिला. नळीला काही झालेले नाही, तरी पुसून तेलाचा हात दिला.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करण्याची सूचना येईल असे दिसते, म्हणून राहिलेल्या कामाला घाई करण्याचा विचार मनात आला आणि लगेच बाजूला सारला.

त्याऐवजी आज खटक्याचा प्रश्न हाती घेतला. हत्यार घालताना काही होत नाही, परंतु ओढून काढताना उंच कड खटक्याला पुढे रेटते, आणि पुढे रेटले की खटका उघडतो. वीस वेळा काढून पाहिले, त्यात दोनदा खटका जागेवरून किंचित हललेला दिसला. नळी उघडली नाही, परंतु उघडू शकते एवढे पुरे आहे. हा दोष कातडे ताणून जाणार नाही. दोनशे वेळा ओढून खटक्यालाच कातड्यात जागा करायला लावता येईल, पण तोवर दोनशे वेळा खटका रेटला जाईल. कड कापणे हाच उपाय. पेन्सिलीने अर्धचंद्राकार खूण केली, सर्वांत खोल जागी ४ मिमी. कापायला माझा हात धजला नाही. रापी चालवणे हे ज्याचे काम त्यानेच करावे.

२१ ऑक्टोबर

सूचना आली. हत्यार साफ करून, तेलाचा पातळ थर देऊन ठाण्यात जमा केले आणि पावती घेतली. निकाल २३ नोव्हेंबरला आहे, म्हणजे महिनाभर तरी होल्स्टर एकटे.

जमा करण्याआधी दोन दिवस सगळी मापे कागदावर उतरवून ठेवली होती, सिलिंडरचा व्यास, नळीची रुंदी, गार्डची गोलाई, चौकटीची जाडी. यावरून लाकडी नमुना करून घेण्याची कल्पना आहे, म्हणजे होल्स्टर रिकामे पडून आकार सोडणार नाही.

२७ ऑक्टोबर

गावातल्या सुताराने सागाच्या तुकड्यातून नमुना घडवून दिला. घोडा, माशी आणि खटका यांना मुद्दाम वगळले. मूठ म्हणून साधा दांडा. लहान मुलांच्या हाती खेळणे म्हणून जाऊ नये यासाठी दांड्याला भोक पाडून जाड दोरी ओवली. सिलिंडरच्या जागी मापापेक्षा ०.८ मिमी जास्त ठेवायला मीच सांगितले. हिशेब असा की कातडे तेवढे ताणले तर सोडल्यावर थोडे परत येईल आणि हवे तिथे थांबेल. हिशेब कागदावर चोख होता.

९ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. माजघरातल्या फडताळात ठेवलेल्या होल्स्टरच्या आत पांढरट बुरशीचे ठिपके आढळले. लाकूड, कातडे आणि बंद फडताळ, यात दुसरे काय होणार. कोरड्या दात घासण्याच्या ब्रशने बुरशी झाडली, दोन दिवस पडवीत वाऱ्याला टांगले, ऊन लागू दिले नाही. नमुना पुन्हा आत घातला आणि फडताळाचे दार उघडे ठेवले.

२७ नोव्हेंबर

हत्यार परत मिळाले. उत्साहाने आत घातले आणि चूक लगेच कळली. सिलिंडरची जागा सैल झाली आहे. पट्टा उघडा ठेवून, गादीवर होल्स्टर उलटे धरून हलवले तर हत्यार दुसऱ्या हिसक्याला खाली आले. काट्यावर अवघा ०.९ किलो. नमुना मोजला तर सिलिंडरची जागा मापापेक्षा १.३ मिमी मोठी. सागाने दमट हवेत उरलेले अर्धे मिलिमीटर स्वतःचे घातले होते, आणि मी ते महिनाभर कातड्याच्या उरावर बसवून ठेवले होते.

साडेनऊ किलोंपासून पावणेपाच किलोंपर्यंत यायला अकरा दिवस लागले होते आणि प्रत्येक पायरी मोजलेली होती. उरलेले काम न मोजता लाकडावर सोपवले, तिथे घसरलो. नमुना आठवड्याला एकदा काढून काट्यावर लावला असता तर हे पहिल्याच रविवारी दिसले असते. हत्यार नसले तरी नमुन्याला दोरी होतीच.

१ डिसेंबर, रविवार

कोल्हापूरला गेलो. कारागिरांनी होल्स्टर नाकाजवळ धरून वास घेतला, तेल नाही याची खात्री केली आणि मगच बसायला सांगितले. तुम्ही लाकूड घालून ठेवलेत ते बरे केलेत, आकार तरी राहिला, असे त्यांचे म्हणणे. मला दिलासा देण्यासाठी म्हणाले असतील.

त्यांनी नमुन्याचा सिलिंडरचा भाग कानसीने उतरवून मूळ मापावर आणला. मग स्पंज ओला करून, पिळून, होल्स्टरच्या फक्त बाहेरच्या बाजूने सिलिंडरच्या मागच्या आणि गार्डच्या जागेवर फिरवला. कातडे ओले दिसत होते, पण पाणी आत पोचलेले नव्हते. नमुना आत घालून शिंगाच्या गुळगुळीत तुकड्याने त्यांनी सिलिंडरच्या मागची किनार आणि गार्डची वळणे दाबत आणली. त्यांचा अंगठा कुठे थांबतो आणि कुठे नुसताच सरकतो हे पाहण्यासारखे होते. गार्डच्या वळणावर त्यांनी इतर सर्व जागांपेक्षा तिप्पट वेळ दिला. खटक्यासाठी केलेली माझी पेन्सिलीची खूण पाहून रापीच्या एका फिरवणीत ४ मिमीची चंद्रकोर उतरवली आणि कडेला मेण घासले. घ्यायचे पैसे त्यांनी फक्त रापीचे घेतले.

दोन दिवस सावलीत, मग आणखी दोन दिवस नमुना काढून वाळवायचे, असे सांगितले.

५ डिसेंबर

कातडे कोरडे. ३.१ किलो. खटक्याला कड आता स्पर्शही करत नाही. वीस वेळा काढले, एकदाही हलला नाही. माशीची चर जशीच्या तशी आहे, तिथे पुन्हा मेण लावावे लागले नाही.

८ डिसेंबर

सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस, असे रिकामे हत्यार सावकाश काढण्या-घालण्याचे काम सुरू केले. काढताना बोट चापाबाहेर चौकटीवर सरळ, घालताना होल्स्टरकडे पाहूनच. तोंडाची कड ताठ उभी राहते, हत्यार परत घालायला दुसरा हात लागत नाही. आज २.६ किलो. पट्ट्याचे बटण टक् आवाज करून लागले.

१५ डिसेंबर

गेले चार दिवस काटा २.२ आणि २.३ यांच्यात थांबला आहे. पट्टा उघडा, होल्स्टर उलटे, गादीवर दहा हिसके, हत्यार जागचे हलले नाही. खडूची तपासणी पुन्हा केली. खुणा आता गार्डच्या खाचेत ठळक आहेत, सिलिंडरच्या बाजूंवर पुसट, आणि खटक्याजवळ एकही नाही.

आज प्रथमच कमरेला लावून, वर सदरा सोडून शेतापर्यंत जाऊन आलो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेले असावे लागते. कड थोडी बरगडीला टोचते, पण तो दोष पट्ट्याचा आहे, माझा जुना पट्टा या वजनाला पातळ पडतो. रुंद पट्ट्यासाठी कारागिरांना निरोप पाठवला आहे. लाकडी नमुना त्याच्या दोरीने पडवीच्या खुंटीवर टांगला असून त्याच्यावर पेन्सिलीने सिलिंडरचे माप आणि तारीख लिहून ठेवली आहे.